वाचकांचे प्रश्न : बुगिनीज अक्षर फलकावर का फुटतं?

प्रश्न : आमच्या ग्रंथालयात जगातल्या लिप्यांचं प्रदर्शन भरणार आहे. एका फलकावर बुगिनीज लिपीतलं ‘के’ हवंय. आमच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये ते नीट दिसतं. पण डीटीपीवाल्याकडे फाइल उघडली की नुसते चौकोन येतात, आणि फॉन्ट बदलला की ठिपक्यांचं वर्तुळ. चूक कुठे होतेय? (एक वाचक, फोंडा)

उत्तर : चुका दोन आहेत आणि त्यांचा एकमेकींशी संबंध नाही.

चौकोन म्हणजे त्या संगणकावर या लिपीचा फॉन्ट नाही. फाइलमध्ये अक्षराचा फक्त क्रमांक साठवलेला असतो, आकार फॉन्ट पुरवतो. इंडोनेशियातल्या दक्षिण सुलावेसीची ही लिपी, तिला लोंतारा असंही म्हणतात. २००५ साली, जगभरच्या अक्षरांना असे क्रमांक देणाऱ्या युनिकोडच्या ४.१ आवृत्तीत तिला १ए०० ते १ए१एफ हा पट्टा मिळाला (हे क्रमांक सोळाच्या पायावरचे, म्हणून त्यांत आकड्यांसोबत रोमन ए ते एफ येतात). विंडोज १० मधल्या लीलावडी यूआय फॉन्टमध्ये ही अक्षरं आहेत; नाहीतर नोटो सान्स बुगिनीज हा मोफत फॉन्ट घाला.

ठिपक्यांचं वर्तुळ म्हणजे क्रम उलटा झालाय. ‘ए’ची खूण अक्षराच्या डावीकडे दिसते, म्हणून तुम्ही ती आधी टाइप केलीत. आपली पहिली वेलांटी आठवा : ‘कि’मध्ये ती डावीकडे दिसते, पण युनिकोडमध्ये ‘क’नंतरच साठवली जाते. जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये वेलांटी आधी दाबायची सवय लागलेल्यांचा इथे हमखास घोळ होतो. खूण अक्षराच्या डावीकडे नेऊन बसवायचं काम सॉफ्टवेअरचं. त्याला मागे व्यंजन सापडलं नाही, तर ते रिकामी जागा दाखवायला वर्तुळ काढतं.

वर्डमध्ये असं करा. कीबोर्ड इंग्रजीवर ठेवा, कारण देवनागरी आकडे इथे चालत नाहीत. १ए०० टाइप करा (ए हे मोठं रोमन अक्षर) आणि ऑल्ट धरून एक्स दाबा : ‘क’ येईल. त्याला लागूनच १ए१९ टाइप करून पुन्हा ऑल्ट-एक्स. खूण आपोआप डावीकडे सरकेल. कोडच्या आधी रोमन आकडा किंवा ए ते एफपैकी अक्षर चिकटलेलं असेल तर तेही कोडमध्ये धरलं जातं, म्हणून मध्ये जागा सोडा. वेबपानासाठी ‘क’चा दशमान क्रमांक ६६५६.

फलकापुरतं हवं असेल तर खूण डावीकडे आली याची खात्री करून अक्षराचे कर्व्ह (रेषांची आकृती) करून घ्या; मग छापखान्यात फॉन्ट लागत नाही. मूळ फाइल मात्र जपा, कर्व्ह केल्यावर तो मजकूर उरत नाही, चित्र होतं. पेजमेकर या जुन्या डीटीपी सॉफ्टवेअरच्या वाटेला जाऊच नका, त्याला युनिकोड कळत नाही.

कधी एका अक्षराच्या जागी तीन-तीन निरर्थक खुणा दिसतात, पहिली आघात असलेला रोमन ए. यूटीएफ-८ मध्ये (युनिकोड क्रमांक फाइलमध्ये साठवायची एक पद्धत) बुगिनीज अक्षराला तीन बाइट लागतात आणि सॉफ्टवेअर ते सुटे वाचतंय. फाइल यूटीएफ-८ म्हणून पुन्हा उघडा, मजकूर शाबूत असतो. प्रश्नचिन्हं साठवली गेली असतील तर मात्र मूळ क्रमांक पुसले गेले. पुन्हा टाइप करण्यावाचून इलाज नाही.

प्रश्न : बुगिनीजमध्ये हलन्त कुठल्या कोडवर आहे? (एक वाचक, म्हापसा)

उत्तर : या पट्ट्यात तो नाहीच. पारंपरिक लेखनात शब्दाच्या किंवा शब्दावयवाच्या शेवटचं व्यंजन लिहीतच नाहीत, वाचणारा संदर्भाने ओळखतो. ङ्क, म्प, न्र आणि ञ्च यांना स्वतंत्र अक्षरं आहेत : १ए०३, १ए०७, १ए०बी आणि १ए०एफ. देवनागरी हलन्त उसना आणून लावलात तर तेच ठिपक्यांचं वर्तुळ येईल.