अंगठ्याच्या नखातली काळी रेघ

प्रश्न: आईच्या (वय 58) अंगठ्याच्या नखात चार महिन्यांपासून उभी काळी रेघ आहे. दुखत नाही. वाट पाहावी का?

उत्तर: नको. मार लागून साकळलेलं रक्त असतं, तर ते नखाबरोबर पुढे सरकलं असतं. हाताचं नख महिन्याला साधारण 3 मिलिमीटर वाढतं, म्हणजे एव्हाना मुळाशी स्वच्छ नख दिसायला हवं होतं. सावळ्या वर्णात अनेक नखांवर बारीक रेघा असतात, त्या बहुधा निरुपद्रवी. पण एकाच नखात, 3 मिलिमीटरहून रुंद, पुसट कडांची रेघ असेल, काळेपणा लगतच्या कातडीवर उतरला असेल, तर मेलानोमाची (त्वचेच्या एका गंभीर कर्करोगाची) शंका घ्यावीच लागते. याच आठवड्यात त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा, नेलपॉलिश काढून. बायॉप्सी (तपासणीसाठी छोटा तुकडा काढणं) नखाच्या मुळातून लागते. नुसतं कापलेलं नख तपासलं तर आजार निसटू शकतो. बुरशीचं मलम लावत महिने घालवू नका, कळकळीची विनंती.