भयपट, प्रेमकथा, विनोदी, मारधाड: साधा प्रेक्षक म्हणून तुम्हाला यातलं काय आवडतं?

समीक्षकांचं राहू द्या, अधूनमधून सिनेमे बघणाऱ्यांना कुठला प्रकार आवडतो आणि का, असं तुम्ही विचारलंय. मी त्यातलीच. समोर येईल ते बघते. पण प्रकार कुठलाही असो, जो सिनेमा सगळं उघडं करून दाखवत नाही तोच माझ्या डोक्यात घर करतो.

स्पीलबर्गचा ‘जॉज’ (१९७५) घ्या. खाऱ्या पाण्यात त्यांचा यांत्रिक शार्क सारखा बिघडायचा, म्हणून तो फारसा दाखवताच आला नाही. पहिल्या हल्ल्यात मासा दिसतच नाही. पुढे त्याच्या अंगात रुतवलेल्या दोरीला बांधलेलं पिवळं पिंप पाण्यावरून सरसर जातं, तेवढं बघूनच पोटात गोळा येतो. हल्लीच्या बऱ्याच भयपटांत पहिल्या दहा मिनिटांत भूत तोंडासमोर येतं आणि माझी भीती तिथेच संपते.

प्रेमकथांमध्ये ‘द लंचबॉक्स’ (२०१३) माझा सगळ्यात लाडका. चुकीच्या पत्त्यावर गेलेला डबा आणि त्यातून जाणाऱ्या चिठ्ठ्या. इरफान आणि निमरत कौर समोरासमोर बसून एक वाक्यही बोलत नाहीत. पण मला त्याहून जास्त आठवतात त्या वरच्या मजल्यावरच्या देशपांडे आंटी. भारती आचरेकरांचा नुसता आवाज! निमरतची इला खिडकीतून वर तोंड करून बोलते, वरून टोपली खाली येते, आणि त्या बाई शेवटपर्यंत दिसत नाहीत. तरी त्यांचं घर, आजारी नवरा, त्यांचं एकटेपण मला स्वच्छ दिसतं. चेहरा न दाखवता एवढं जिवंत माणूस उभं करणं मला आजही थोर वाटतं.

विनोदी सिनेमात पात्रंच खिदळायला लागली की माझं हसू आटतं. बस्टर कीटनच्या ‘द जनरल’मध्ये (१९२६) तो खट्टू होऊन इंजिनाच्या चाकांना जोडणाऱ्या दांड्यावर बसतो. इंजिन चालू होतं, दांड्याबरोबर हाही वर-खाली होत राहतो आणि याला पत्ताच नाही. चेहऱ्यावरची रेष हलत नाही. हसूही येतं आणि पोटात तुटतंही.

कोर्टकचेरीचे सिनेमे मला आधी रटाळ वाटायचे. सिडनी ल्युमेटच्या ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’ने (१९५७) मत बदललं. जवळपास सगळा सिनेमा एका खोलीत, खून एकदाही दाखवलेला नाही. कॅमेरा हळूहळू डोळ्यांच्या पातळीच्या खाली उतरत जातो, शेवटी शेवटी छत दिसायला लागतं आणि खोली अंगावर आल्यासारखी वाटते. हे मला नंतर वाचून कळलं. घुसमट मात्र पहिल्यांदा बघतानाच झाली होती.

मारधाडीचं माझं फारसं जमत नाही. इमारती कोसळत राहतात आणि कुणाला खरचटतही नाही. त्याला अपवाद ‘डाय हार्ड’ (१९८८): अनवाणी नायक फुटक्या काचांवरून जातो, मग बसून तळव्यातून काच उपसतो. त्या एका तळव्यामुळे पुढची सगळी हाणामारी मला खरी वाटली.

यातला एकच बघणार असाल तर डब्याचा बघा. आणि आंटींचा आवाज आला की जरा कान देऊन ऐका.