सफरचंद ‘ए’ने सुरू होत नाही

ताई, तुम्ही लिहिलंय की लेक साडेचार वर्षांची आहे, ज्युनिअर केजीत जाते, एबीसीडी झेडपर्यंत घडाघडा म्हणते. पण ‘सफरचंद कशाने सुरू होतं?’ असं विचारलं की ‘ए’ म्हणते. शाळेतून ‘फोनिक्स कच्चं आहे’, म्हणजे अक्षरांचे आवाज ओळखणं जमत नाही, असा निरोप आला, तेव्हापासून तुम्ही रोज संध्याकाळी तिला तक्त्यासमोर अर्धा तास बसवता आणि ती रडते. नाशिकमध्ये बावीस वर्षं बालवाडीचे वर्ग घेतलेत, त्या अनुभवावरून सांगते: तो तक्ता आजच गुंडाळून ठेवा.

तिचं उत्तर चुकलं असलं तरी ते विचार करून दिलेलं आहे. तक्त्यावर सफरचंदाचं चित्र आणि शेजारी ए, ही जोडी तिने लक्षात ठेवली. शब्दाच्या आवाजाकडे तिचं लक्षच गेलेलं नाही, कारण तिकडे लक्ष द्यायला तिला कुणी शिकवलेलं नाही. या वयात मुलांना शब्द म्हणजे ती वस्तूच वाटते. ‘बैल’ आणि ‘फुलपाखरू’ यातला मोठा शब्द कोणता, असं विचारून बघा. बहुतेक मुलं ‘बैल’ म्हणतात, कारण बैल मोठा असतो! शब्द तोंडातून निघतो, त्याला पहिलं टोक असतं, हे आधी कानाला कळावं लागतं. अक्षराचं काम त्यानंतरचं.

आणखी एक गोची आहे. एफ, एल, एम, एन, एस ही नावं मोठ्याने म्हणून बघा. सगळी ‘ए’ने सुरू होतात. ज्या मुलाला फक्त अक्षराची नावं पाठ आहेत, त्याने ‘सॉक्स’चा पहिला आवाज ‘ए’ सांगितला तर त्याला दोष कसा द्यायचा? म्हणून सध्या ‘एस’ म्हणूच नका. फक्त स्स्स.

सुरुवात स पासूनच करा असं मी आग्रहाने सांगते. हा आवाज मराठीत आहे, इंग्रजीतही आहे, आणि तो हवा तेवढा लांबवता येतो. ब किंवा ट लांबवता येत नाही. पुष्कळ इंग्रजी शाळांत चालणाऱ्या जॉली फोनिक्स या पद्धतीतही पहिल्या गटातला पहिला आवाज हाच आहे. फक्त एक सांभाळा. आपल्या बाराखडीच्या सवयीने ‘स’ म्हटलं की मागे ‘अ’ चिकटून येतो. तो येऊ देऊ नका. पुढे ‘सन’ किंवा ‘सिट’ असे इंग्रजी शब्द जोडून वाचताना हाच ‘अ’ मध्ये कडमडतो आणि मूल अडतं.

आता करायचं काय? कुकर लावाल तेव्हा तिला ओट्यापासून लांब, पण ऐकू येईल असं उभं करा. शिट्टी व्हायच्या आधी वाफ निघते ना, स्स्स, तो आवाज दोघींनी काढायचा. मग तिचा तळहात तोंडासमोर धरायला लावा, गार वारा लागतो. आरशात बघायला सांगा, दात जवळ आलेले दिसतात. एवढंच करायचं. पहिले दोन दिवस शब्दसुद्धा नकोत.

तिसऱ्या दिवशी एक कापडी पिशवी घ्या. तिच्यात साबण, सॉक्स, सांडशी, सुतळीचं बंडल आणि एक संत्रं ठेवा, शिवाय एक वाटी आणि एक कंगवा. ती हात घालून एक वस्तू काढेल. तुम्ही नाव लांबवून म्हणा: ‘स्स्साबण’. वस्तू कुकरसारखी बोलली तर टोपलीत, नाही तर जमिनीवर. वाटी निघाली की मुद्दाम ‘स्स्सवाटी?’ म्हणा. माझ्या वर्गात या ठिकाणी मुलं हसून लोळायची, आणि जे मूल हसलं त्याला आवाज कळला असं मी समजायचे. दुसरी परीक्षा मी कधी घेतली नाही. पाच-सात मिनिटं पुरेत, ती ‘अजून’ म्हणत असतानाच पिशवी उचलून ठेवा. ‘स्टेशन’, ‘स्कूटर’ असे जोडाक्षराचे शब्द मात्र सध्या टाळा.

बाहेर पडलात की सिटीलिंकच्या बसमध्ये हाच खेळ चालतो. सातपूर, सिडको, सोमेश्वर आलं की टाळी. पंचवटी, मखमलाबाद आलं की हाताची घडी. नावं तुम्ही म्हणायची, पाटी वाचायला लावायची नाही.

एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. माझ्या वर्गात एक मुलगा होता, त्याच्या घरी सगळे ‘साळा’ म्हणायचे. स च्या खेळात त्याने आनंदाने ‘साळा!’ म्हटलं आणि मी सगळ्यांसमोर ‘शाळा म्हण’ असं दुरुस्त केलं. त्यानंतर कितीतरी दिवस तो खेळात बोललाच नाही. त्याच्या कानाने अगदी बरोबर ऐकलं होतं, त्याचा शब्द स नेच सुरू होत होता. ते आजही मला लागतं. तुमच्या घरात आजी जे म्हणत असेल ते खेळात चालू द्या. शुद्धलेखनाला पुढे पुष्कळ वर्षं आहेत.

पिशवीतली वस्तू ती न चुकता ओळखायला लागली की मग अक्षर. ताटात रवा पसरा, बोटाने स काढा आणि काढताना तोंडाने स्स्स. शाळेसाठी इंग्रजी एस हवा असेल तर तोही असाच, पण दुसऱ्या आठवड्यात. दोन्ही एकाच दिवशी नकोत. एस उलटा काढला तर घाबरू नका, सहा-सात वर्षांपर्यंत हे चालतं. इटलीच्या शिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसोरींची खरखरीत कागदाची अक्षरं याच तत्त्वावर आहेत: बोट फिरतं आणि तोंड नाव न घेता आवाज काढतं. महागडा फ्लॅशकार्डांचा संच घेऊ का, असंही तुम्ही विचारलंय. नका घेऊ. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला आणि पुढे कोसबाडला बालवाड्या चालवल्या, त्या खडे, शिंपले, पानं-बिया अशा आसपासच्या वस्तूंवर. तुमचं स्वयंपाकघर त्याहून भरलेलं आहे.

एवढं मात्र बघा: मागून हाक मारली तर ती वळते का? टीव्हीचा आवाज वाढवायला सांगते का? सतत सर्दी, कान दुखणं असतं का? तिचं बोलणं घराबाहेरच्यांना कळतं का? यातलं काही खटकलं तर खेळाच्या भरवशावर थांबू नका, कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून श्रवणचाचणी करून घ्या.

नाहीतर दोन-तीन आठवडे फक्त स. एक दिवस ती स्वतः पिशवी भरून आणेल आणि तुम्हाला ओळखायला लावेल. त्या दिवशी पुढचा आवाज घ्या. श नको, तो स च्या फार जवळचा आहे आणि तिचा गोंधळ होईल. म घ्या, ओठ मिटून, नाकावर बोट ठेवून. मका, मनुका, मोजे. आणि मोजे काढलेत की ती म्हणेल हे तर सॉक्स, ते स चे! तेव्हा तिला सांगा की दोन्ही बरोबर आहेत, एकाच वस्तूला दोन नावं आहेत. सफरचंद आणि ॲपलचा घोळ तिथेच सुटायला लागेल.