टायर फिरवल्यावर हवेचा दिवा जात नाही, सेन्सर रीसेट कसे करायचे?

तुम्ही विचारलंय की 10 हजार किलोमीटरला पुढचे टायर मागे, मागचे पुढे केले आणि तेव्हापासून मीटरवर हवेचा पिवळा दिवा लागतोय, तो घरच्या घरी कसा घालवायचा. परभणीत जिंतूर रोडला माझं टायर आणि अलाइनमेंटचं दुकान आहे. हा प्रश्न घेऊन आठवड्यात दोन-तीन गाड्या तरी येतातच. रीसेटचं काम दोन मिनिटांचं. पण हात जोडून सांगतो, चारही टायरची हवा थंड असताना मोजून भरल्याशिवाय ते बटण दाबू नका.

आधी तुमच्या गाडीत कोणती पद्धत आहे ते बघा. मीटरवर चारही चाकांच्या हवेचे वेगवेगळे आकडे दिसत असतील, तर प्रत्येक चाकाच्या आत व्हॉल्व्हला खरोखरचा सेन्सर बसवलेला आहे. आकडे नाहीत, नुसता दिवा लागतो, असं असेल तर बहुतेक वेळा टायरमध्ये सेन्सरच नसतो. हवा कमी झालेलं चाक किंचित लहान होतं आणि बाकीच्यांपेक्षा थोडं जास्त फिरतं. तो फरक एबीएसच्या (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) सेन्सरवरून गाडी ओळखते.

नुसत्या दिव्याची गाडी असेल तर टायर फिरवल्यावर तिला चाकं नव्याने शिकवावी लागतात. पुढचा टायर झिजलेला, मागचा कमी झिजलेला. जागा बदलल्या की तिचा जुना हिशेब चुकतो. गाडी उभी करा, इग्निशन चालू करा, मीटरच्या किंवा टचस्क्रीनच्या मेन्यूत टायर प्रेशरचा भाग उघडा आणि सेट किंवा कॅलिब्रेट दाबून धरा. काही गाड्यांत याचं वेगळं बटणच असतं. मग अर्धा तास नेहमीसारखी गाडी चालवा.

हवेचा आग्रह मी का धरतो ते ऐका. बटण दाबताना टायरमध्ये जी हवा असेल, तीच ही गाडी योग्य धरते. गेल्या उन्हाळ्यात एक गाडी आली होती. दिवा लागला म्हणून कुणीतरी सेट दाबून दिलेलं, दिवा गेला, मालक निर्धास्त. मागच्या उजव्या टायरमध्ये फक्त 19 पीएसआय (हवेचा दाब मोजायचं माप) हवा होती. टायर डिस्कवरून उतरवला तर आतून ओंजळभर काळी रबराची भुकटी सांडली. आतली बाजू घासून कापडाचे दोरे दिसायला लागले होते. त्याच टायरवर ते कुटुंब समृद्धीवरून नागपूरला निघालं होतं. तिथे 120 पर्यंत वेग, खाली मे महिन्यातलं तापलेलं काँक्रीट. मला आजही त्या भुकटीची आठवण झाली की अंगावर काटा येतो.

आपल्याकडे अजून एक घोळ होतो. दुपारी 42 अंशांत 50-60 किलोमीटर चालवून पंपावर गेलात, की टायरची हवा तापून तीन-चार पीएसआय वाढलेली असते. तिथे मशिनने 33 केली, तर सकाळी थंड टायरमध्ये 29-30 च निघते. म्हणून सकाळी उठून, गाडी फार न चालवता हवा भरा. डिसेंबरात परभणीची थंडी पडली की दिवे जास्त लागतात तेही याचमुळे: तापमान 10 अंशांनी उतरलं की साधारण दीड ते दोन पीएसआय कमी होतात. आणि गाडीच्या दाराजवळच्या हवेच्या स्टिकरवर पुढची-मागची हवा वेगळी दिली असेल, तर टायर फिरवल्यावर ती जागेप्रमाणे पुन्हा जुळवावी लागते. आमच्या धंद्यातले बरेच जण हे विसरतात.

आता आकडे दाखवणाऱ्या गाडीचं. प्रत्येक सेन्सरचा स्वतःचा क्रमांक असतो. चाक पुढून मागे गेलं तरी ज्या गाड्या स्वतःहून शिकत नाहीत, त्या तो क्रमांक जुन्याच जागेवर दाखवत राहतात. मानवतच्या एका शिक्षिकाबाईंच्या मीटरवर पुढच्या डाव्या चाकात 25 दिसत होते. पंपावर तेच चाक मोजलं तर 33. पंपावरचा पोरगा म्हणाला, ‘मॅडम, सेन्सर गेला.’ त्या नवीन सेन्सर घ्यायला माझ्याकडे आल्या. मी मागचं डावं चाक मोजलं, तिथे 25 होती आणि खिळा रुतलेला. सेन्सर खरं बोलत होता, फक्त त्याचा पत्ता जुना होता.

हे तुम्हीही तपासू शकता. एका चाकाच्या व्हॉल्व्हची पिन दाबून तीन-चार पीएसआय हवा सोडा, गाडी थोडी चालवा आणि मीटरवर कोणता आकडा उतरतो ते बघा. दुसऱ्याच चाकाचा उतरला तर जागा शिकवायच्या राहिल्यात. सोडलेली हवा लगेच भरून घ्या. बऱ्याच गाड्या पंधरा-वीस मिनिटं उभ्या ठेवून मग तेवढाच वेळ चालवल्या की आपोआप शिकतात. नाही शिकल्या तर स्कॅनर लावावा लागतो, ते घरी होत नाही.

गाडी चालू केल्याबरोबर दिवा मिनिटभर लुकलुकून मग स्थिर राहत असेल, तर तो हवेचा नसून यंत्रणेतला बिघाड आहे. सेन्सरची बॅटरी साधारण पाच ते दहा वर्षं चालते आणि ती वेगळी बदलता येत नाही, अख्खा सेन्सरच बदलावा लागतो. टायर नुसते फिरवल्याने मात्र सेन्सर खराब होत नाही, कारण टायर डिस्कवरून उतरतच नाही. तसं कुणी सांगून पैसे मागत असेल तर देऊ नका.

उद्या सकाळी थंड हवा मोजा आणि मला गाडीचं मॉडेल, चारही आकडे आणि दिवा स्थिर आहे की लुकलुकतो एवढं कळवा. मेन्यूत नेमकं कुठे जायचं ते सांगतो.