ओला तेरडा

प्रिय मुली,

तुझं पत्र मिळालं. झाडं दाबून वाळवायच्या प्रेसमधून निघालेल्या तेरड्याच्या फुलांचा तो जांभळा लगदा फोटोत पाहिला आणि हसू आलं. माझ्या पहिल्या शीटवरही नेमका असाच डाग पडला होता. तेवढ्यावरून वर्गीकरण सोडून डीएनएच्या प्रयोगशाळेत जावं का, असं विचारतेस. जायचं तर खुशाल जा, पण तेरड्याला भिऊन जाऊ नकोस. त्याआधी ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हुकरविषयी थोडं ऐक.

हुकर म्हटलं की सगळे हिमालय सांगतात. 1848 मध्ये तिशीतला हुकर कलकत्त्याला उतरला, सिक्कीमचे ऱ्होडोडेंड्रॉन त्याने जगाला दाखवले. 1849 च्या नोव्हेंबरात, हद्द ओलांडून तिबेटात शिरून परतताना, दार्जिलिंगचा इंग्रज अधिकारी कॅम्पबेल याच्यासोबत तो सिक्कीम दरबाराच्या कैदेत पडला. गोष्ट रंगतदार खरी. पण त्या चढणींवर ओझी वाहणारे, झाडं गोळा करणारे हात बरेचसे तिथल्या लेपचा लोकांचे होते आणि त्यांची नावं आज कुणाला ठाऊक नाहीत. (तुला कड्यावरची वाट दाखवणाऱ्या मावशींचं नाव लेबलवर लिहिलंस ना?)

मला जास्त ओढ आहे ती त्यानंतरच्या साठ वर्षांची. 1851 मध्ये त्याने फ्रान्सिसशी लग्न केलं. ती हेन्स्लोची मुलगी, म्हणजे डार्विनच्या गुरूची. घरात मुलंबाळं, लंडनजवळच्या क्यू वनस्पती उद्यानाचा कारभार, आणि वनस्पतिशास्त्रज्ञ बेंथमबरोबर हाती घेतलेलं साऱ्या सपुष्प वनस्पतींच्या प्रजातींचं (म्हणजे जातींच्या गटांचं, जीनसचं) काम. 1863 मध्ये त्याची सहा वर्षांची मुलगी काही तासांच्या आजारात गेली. तासाभरात त्याने डार्विनला पत्र लिहिलं, कारण डार्विननेही आपली मुलगी ॲनी गमावली होती. ते पत्र मी वर्गात कधी वाचून दाखवू शकलो नाही. फ्रान्सिसने वनस्पतिशास्त्राचा एक जाडजूड फ्रेंच ग्रंथ इंग्रजीत आणला, तो 1873 मध्ये निघाला. पुढच्याच वर्षी तीही गेली. हुकरच्या ब्रिटिश इंडियाच्या फ्लोराचं, म्हणजे इथल्या वनस्पतींची नोंद करणाऱ्या ग्रंथाचं काम तेव्हा नुकतं सुरू झालं होतं. सातवा, शेवटचा खंड 1897 मध्ये संपला तेव्हा हुकर ऐंशीचा होता.

त्यानंतर या म्हाताऱ्याने काय हाती घेतलं असेल? तेरडा! तरुणपणी थॉमसन या सहकाऱ्याबरोबर त्याने भारतातल्या तेरड्यांची मांडणी केली होतीच. आपल्या सह्याद्रीतला पिवळा तेरडा, इम्पेशन्स डाल्झेलाय, याचं नावही त्या दोघांनीच ठेवलेलं. ‘बॉम्बे फ्लोरा’ लिहिणाऱ्या डाल्झेलवरून. पण मनाचं समाधान झालं नव्हतं. 1911 मध्ये, 94 व्या वर्षी मरण येईपर्यंत तो याच कुळात गुंतलेला होता.

त्याची अडचणही तुझीच होती. तेरड्याचं फूल म्हणजे निव्वळ पाणी. दाबलं की पाकळ्या एकमेकींना चिकटतात, शुंडिका (फुलामागची बारीक नळी) मुडपते, जोडपाकळ्यांचा (जोडीने चिकटलेल्या बाजूच्या पाकळ्यांचा) आकार हरवतो, आणि जाती ओळखायच्या त्या नेमक्या या आकारांवरूनच. आपल्याकडे तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात. प्रेसमध्ये तो एक दिवसही टिकत नाही. सह्याद्रीतले तेरडे हुकरपुढे आले ते दुसऱ्यांनी वाळवून पाठवलेले. ते भिजवायचे, भिंगाखाली एकेक पाकळी सोडवायची आणि चित्र काढायचं.

तुझ्यापुढे तर ते जिवंत, ओले उभे आहेत. तेव्हा फूल अख्खं दाबूच नकोस. झाडापाशी बसूनच ते उलगड, प्रत्येक भाग वेगळा करून टिश्यू पेपरवर मांड, मगच प्रेसमध्ये घाल. दोन फुलं सत्तर टक्के अल्कोहोलच्या बाटलीत ठेव. रंग, शुंडिकेची लांबी आणि बाक तिथेच वहीत लिही. संध्याकाळी खोलीवर गेल्यावर लिहू म्हणालीस की संपलं. फळ मात्र अलगद धर, नाहीतर फुटून बिया तुझ्या तोंडावर.

डीएनएचं म्हणशील तर तेही कर. पण नमुना कोणत्या जातीचा हे चुकलं, तर पुढचं सगळं यंत्र चुकीच्या नावाने चालतं.

गौरी जेवल्या की पठारावर जाऊ. चिमटा, नवी ब्लेडं आणि पाऊस झेलेल अशी वही आण. छत्री माझ्याकडे मोठी आहे.

तुझे,
सर