मशिनीआधी माणसं जोड

लेकरा, मसाल्याची गिरणी टाकतोयस, चांगलं आहे. पण मशिनीआधी माणसं जोड. लातूरच्या मोंढ्यात मी उतरलो तेव्हा गिऱ्हाईक म्हणजे मामा, मेव्हणे आणि गावकरी. सगळे उधारीवाले, आणि मला जेवढं माहीत तेवढंच त्यांनाही. पहिली मोठी ऑर्डर आली ती एका ट्रकवाल्याच्या तोंडून, ज्याच्याशी माझी फक्त चहापुरती ओळख! ग्रॅनोव्हेटर नावाच्या समाजशास्त्रज्ञानं १९७३ साली हेच मांडलं होतं: नवी खबर जवळच्यांपेक्षा लांबच्या ओळखीतून जास्त येते. तेव्हा हमाल, बारदानवाला, आडत्याचा मुनीम, कुणालाच कमी लेखू नको.

आता धमक. ती भाषणं ऐकून येत नाही. दहा किलो विक, पैसे वसूल कर, मग पन्नास किलोला हात घाल. मानसशास्त्रज्ञ बांडुरा यांच्या मते स्वतःवरचा भरवसा सगळ्यात जास्त अशा स्वतः पार पाडलेल्या कामातूनच वाढतो. मी मात्र एका हंगामात फुशारकीत दोन टन मिरची भरली. भाव पडला. दोन वर्षं फेडत बसलो, बायकोचे बोल वेगळेच.

उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, फुकट होते, एजंटाला पैसे देऊ नको. ती असली की मालाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत मिळायला हवेत, असा कायदाच आहे. पण बिल मात्र लेखी ठेव.

पोळा झाला की ये, बारदानवाल्याशी गाठ घालून देतो.