रिझल्ट येत नाही म्हणजे मीच कमी पडतेय का?

पीएचडी करणारी मुलं-मुली माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात तेव्हा आधी झोपेबद्दल बोलतात. झोप लागत नाही, पहाटेच जाग येते, लॅबकडे पाय वळले की पोटात गोळा येतो. खरं दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत बाहेर पडतं. विषय केमिस्ट्री असो, मशीन लर्निंग असो की मानसशास्त्र, शब्द जवळजवळ तेच असतात: "सगळ्यांचे रिझल्ट येतात, माझेच येत नाहीत. माझ्यातच काहीतरी कमी आहे."

अशाच एका विद्यार्थिनीबद्दल तिच्या परवानगीने लिहितेय. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

तिचं काम मानसशास्त्र आणि कॉम्प्युटिंगच्या सीमेवरचं. तिसरं वर्ष चालू होतं. एका जुन्या, गाजलेल्या पेपरमधला परिणाम आधी स्वतः मिळवायचा आणि मग त्यावर पुढचे प्रयोग उभे करायचे, अशी थीसिसची आखणी होती. तिने दोनदा प्रयोग केला आणि दोन्ही वेळा त्या परिणामाचा मागमूस लागला नाही. गाईडना तिने फक्त "डेटा बघतेय अजून" एवढंच सांगितलं होतं, आणि तेही दोन महिन्यांपूर्वी. तेव्हापासून कॉरिडॉरमध्ये सर दिसले की ती जिन्याकडे वळायची.

तिसऱ्या भेटीला ती वही घेऊन आली. एका पानावर पी-व्हॅल्यू ०.४१, भोवती लाल गोल. (खरा परिणाम नसतानाही निव्वळ योगायोगाने असा निकाल दिसण्याची शक्यता म्हणजे पी-व्हॅल्यू; ती ०.०५ च्या खाली गेली तर 'रिझल्ट आला' म्हणतात.) खाली बारीक अक्षरात ओळी: सावकाश उत्तर देणारे वगळून ०.२८. फक्त मुली ०.१९. पहिले दहा प्रश्न सोडून ०.३३. आणि अगदी तळाशी, सकाळी आलेले सहभागी तेवढेच धरून ०.०४. त्या आकड्यापुढे प्रश्नचिन्ह काढलेलं, मग खोडलेलं, मग पुन्हा काढलेलं.

"हा रात्री दोनला आला," ती म्हणाली. "मी रडले. मॅडम, हा सरांना दाखवला तर सगळं सुरळीत होईल. पण मग मी चोर ठरते ना?"

या प्रश्नापाशी आम्ही बराच वेळ थांबलो. तिच्या मनात दोन ओझी एकमेकांत अडकली होती: रिझल्ट न आल्याची लाज, आणि तो ओढूनताणून आणायचा मोह झाला याची लाज. दुसरी पहिलीपेक्षा जास्त जळत होती. मी तिला सांगितलं की डेटा वेगवेगळ्या बाजूंनी बघणं हा गुन्हा नाही. बाकीच्या ओळी लपवून फक्त शेवटची दाखवणं चुकीचं, आणि तिने अजून कुणालाच काही दाखवलेलं नव्हतं. मोह झाला यातही नवल नाही. २०११ साली तीन मानसशास्त्रज्ञांनी दाखवून दिलं होतं की कोणता गट वगळायचा, कोणते मोजमाप धरायचे, कधी थांबायचं अशा चार साध्या सवलती स्वतःला दिल्या, तर नसलेला परिणाम 'सापडण्याची' ५ टक्के मानलेली शक्यता ६० टक्क्यांच्या वर जाते. त्याच पेपरात त्यांनी एक गाणं ऐकून माणसं वयाने लहान होतात हेही 'सिद्ध' केलं होतं. ही वाट किती सहज पायाखाली येते, हे कळावं म्हणूनच केलं होतं.

मग मी तिला आणखीही आकडे सांगितले. २०१५ साली मानसशास्त्रातले १०० प्रकाशित अभ्यास पुन्हा करून पाहिले गेले. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांत परिणाम सिग्निफिकंट, म्हणजे ०.०५ च्या खालचा होता, पुन्हा करताना तो फक्त ३६ टक्क्यांत आला. 'इच्छाशक्ती वापरून संपते' ही १९९८ ची सुप्रसिद्ध कल्पना २०१६ मध्ये २३ लॅबनी मिळून, दोन हजारांहून अधिक लोकांवर तपासली, तेव्हा परिणाम जवळजवळ शून्य निघाला.

तिने शांतपणे ऐकून घेतलं. "हे सगळं माहीत आहे मॅडम. आमच्या सेमिनारमध्ये मीच मांडलं होतं."

संशोधन करणाऱ्या हुशार मुलांच्या बाबतीत हे मी नेहमी पाहते. आपल्या विषयाबद्दलचं ज्ञान एका कप्प्यात असतं आणि स्वतःबद्दलचा निवाडा दुसऱ्याच. जगातले प्रयोग फसतात कारण विज्ञान अवघड असतं, आणि माझा फसतो कारण मी नालायक. यावर बाहेरचा पुरावा कितीही ओता, तो पोचत नाही. पुरावा तिच्याच वहीतला हवा होता.

मी विचारलं, "प्रयोगात स्ट्रूपचा भाग होता असं तुम्ही म्हणाला होतात. त्याचं काय झालं?"

स्ट्रूप चाचणी मानसशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याने प्रॅक्टिकलला केलेली असते. 'लाल' हा शब्द निळ्या रंगात लिहिलेला असतो आणि रंगाचं नाव सांगायचं असतं. शब्द आणि रंग जुळत नाहीत तिथे उत्तराला उशीर होतो. जॉन रिडली स्ट्रूप यांनी १९३५ मध्ये हे प्रसिद्ध केलं आणि तेव्हापासून ते पुन्हा पुन्हा दिसत आलं आहे.

"तो तर येतोच," ती म्हणाली.

"तुमच्या डेटात आला?"

तिने पानं उलटली. आला होता. दोन्ही वेळा, जवळजवळ प्रत्येक सहभागीत, ठळक.

"त्याच खोलीत? त्याच लोकांवर, त्याच प्रोग्रॅमने, तुम्हीच घेतलेल्या प्रयोगात?"

ती वहीकडे बघत राहिली. मग तिने एक पेन काढलं आणि त्या आकड्याखाली रेघ मारली. तो तिने कधी मोजलाच नव्हता, कारण तो 'येणारच' होता. सूचना नीट दिल्या गेल्या होत्या, कॉम्प्युटर मिलिसेकंद बरोबर मोजत होता, लोक मन लावून करत होते. हात चालत होते. फक्त ज्याची वाट बघत होती तेवढंच आलं नव्हतं.

याने सगळं मिटलं असं नाही, आणि कोड तपासून घ्यायलाही मी आवर्जून सांगितलं. कधीकधी चूक खरंच आपल्या कामात असते आणि ती सापडली तर बरंच असतं. तिने लॅबमधल्या एका सहकाऱ्याला कोड वाचायला दिला. एक किरकोळ चूक निघाली, निकाल बदलला नाही. पण त्या निमित्ताने ती पहिल्यांदाच कुणाशी तरी बोलली. तो मशीन लर्निंगवाला, लॅबमधला सर्वांत 'यशस्वी' मुलगा. त्याने सांगितलं की त्याच्या मॉडेलला नुसता रँडम सीड (कॉम्प्युटरच्या यादृच्छिक निवडी ज्या आकड्यापासून सुरू होतात तो) बदलला तरी निकाल वरखाली होतो, आणि जे चाललं नाही त्याचं फोल्डर पेपरपेक्षा कितीतरी मोठं आहे. मशीन लर्निंगच्या रिइन्फोर्समेंट लर्निंग या शाखेत ही गोष्ट २०१८ च्या एका पेपरने उघड मांडली होती: तोच अल्गोरिदम, त्याच सेटिंग, सीड वेगळे, आणि आलेख एकमेकांपासून इतके दूर की दोन वेगळे अल्गोरिदम वाटावेत.

"बाकी सगळ्यांचे येतात" या वाक्याचा पाया तिथे हलला. मग तिला दुसरे आकडेही लागू पडले. २०१४ मध्ये सामाजिक शास्त्रांतल्या प्रयोगांचा मागोवा घेतला गेला, तेव्हा परिणाम न आढळलेल्या अभ्यासांपैकी सुमारे ६५ टक्के लिहिलेच गेले नव्हते. कुणी नाकारले नव्हते, संशोधकांनीच ते बाजूला ठेवले होते. २०२१ च्या एका तुलनेत मानसशास्त्राच्या नेहमीच्या पेपरांत ९६ टक्के वेळा गृहीतक खरं निघालेलं दिसलं. जिथे पद्धत पाहून, निकाल येण्याआधीच पेपर स्वीकारला जातो त्या रजिस्टर्ड रिपोर्टमध्ये हेच प्रमाण ४४ टक्के होतं. ती स्वतःची तुलना त्या ९६ शी करत होती.

गाईडना भेटायची तयारी आम्ही दोन भेटींत केली. ती "सर, सॉरी" ने सुरुवात करायची, तेवढं आम्ही काढून टाकलं. क्रम ठरवला: आधी स्ट्रूप, मग मुख्य परिणाम, मग वहीतल्या सगळ्या ओळी, ०.०४ धरून, आणि शेवटी सँपलचा, म्हणजे सहभागींच्या संख्येचा प्रश्न. सँपल लहान असेल तर खरा परिणामही हातातून निसटतो, त्यामुळे "परिणाम नाहीच" असंही ती म्हणू शकत नव्हती. हे ती मला समजावून सांगत होती तेव्हा तिचा आवाज कित्येक आठवड्यांत पहिल्यांदा संशोधकाचा वाटला.

सर आधी चिडले, पण निकालावर नाही. दोन महिने काही सांगितलं नाही यावर. मग सँपलचा हिशेब घेऊन बसले.

अशा बाबतीत मी प्रत्येकाला एक गोष्ट स्पष्ट विचारते, तिलाही विचारली. ती म्हणाली होती, "सगळं संपावं असं वाटतं." सगळं म्हणजे पीएचडी की जीव? तिच्या बाबतीत पीएचडी. उत्तर दुसरं असेल तर लॅब, गाईड, थीसिस सगळं बाजूला ठेवून त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाला भेटायला हवं, आणि जवळच्या कुणाला तरी सोबत घ्यायला हवं. २०१८ मध्ये २६ देशांतल्या २,२७९ जणांच्या, मुख्यतः पीएचडी विद्यार्थ्यांच्या सर्वेक्षणात ४१ टक्क्यांमध्ये मध्यम ते तीव्र चिंतेची आणि ३९ टक्क्यांमध्ये तशाच नैराश्याची लक्षणं दिसली होती. त्रास असलेले लोकच अशा सर्वेक्षणाला जास्त उत्तर देतात, त्यामुळे तो आकडा जसाच्या तसा घ्यायचा नाही. पण माझ्या खोलीत जे दिसतं ते याच दिशेचं आहे. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप, भूक, एकाग्रता गेली असेल, तर "रिझल्ट आला की बरं वाटेल" म्हणत थांबू नये.

तिचा तिसरा प्रयोग आता चालू आहे. सँपल बरंच मोठं आहे, आणि कोणते सहभागी वगळायचे, कोणती तुलना करायची हे डेटा घेण्याआधीच लिहून नोंदवलं आहे. निकाल कुठलाही आला तरी तो थीसिसचं प्रकरण होणार, हे सरांनी मेलवर लिहून दिलंय. लेखी हवं हा आग्रह तिचाच होता. पहाटेची जाग अजून पूर्ण गेलेली नाही, म्हणून महिन्यातून एकदा भेटतो.